एक खोली, दोन चुली

अक्षता गमरेचा दिवस पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी सुरू व्हायचा. त्या वेळेला गिरगावातून आनंदीबाईंचा पहिला निरोप तिच्या फोनवर पडायचा. आनंदीबाई लिहीत नसत. फोन तोंडाशी धरून बोलत. एकेक निरोप चार मिनिटांचा, आणि असे तीन-तीन. अक्षता दात घासता घासता गॅलरीत ते ऐकायची. साडेपाचला पाणी यायचं. तेवढ्या वीस मिनिटांत आनंदीबाईंचं सगळं ऐकून, उत्तर देऊन तिला पिंप भरायला उभं राहावं लागे.

मी भिवा तांबे, तिच्या शेजारी राहतो. करी रोडला आमची तीन मजली चाळ आहे, अजून उभी आहे. दुसऱ्या मजल्यावर मी एकतीस नंबरात, गमरे बत्तीसमध्ये. तिच्या वडिलांनी, धम्मपालने, आणि मी एकाच गिरणीत साचे चालवले. साचा म्हणजे माग. धम्मपाल जाऊन नऊ वर्षं झाली. आई सीमा एका इस्पितळात आया आहे. सकाळची पाळी असली की सहालाच निघते. मग घरात अक्षता एकटी. वय एकोणतीस. काम लोकांच्या वेबसाइट बांधायचं. आधी तीन वर्षं लोअर परळच्या एका कंपनीत होती. कंपनी बेंगळुरूला गेली, ही गेली नाही. तेव्हापासून एकटीच काम घेते.

चाळीत तिच्याबद्दल विचारलं तर सांगतात, घरीच असते. घरीच असते म्हणून तिच्याकडे सिलिंडरची नोंदणी जाते, पोरांची मार्कशीट जाते, रेशनकार्डाचा फॉर्म जातो. मी हयातीचा दाखला तिच्याकडूनच करून घेतला. तेव्हाही ती कुणाशी तरी फोनवर बोलत होती. एका हाताने तिने माझा अंगठा यंत्रावर दाबला आणि दुसऱ्या हाताने टाइप करत राहिली.

तिचा लॅपटॉप सात वर्षांचा. झाकणाची बिजागरी तुटलेली, म्हणून मागे पोह्यांचा डबा लावून तो उभा करायचा. बॅटरी मेलेली. वायर निसटली की पडदा काळा. तासाभरात असा तापायचा की ती त्याच्याखाली फरशीचा तुकडा ठेवायची आणि तो तुकडा मधूनमधून पाण्याखाली धरून आणायची. एप्रिलमध्ये तो दोनदा बंद पडला. दुरुस्तीवाला म्हणाला, तिसऱ्यांदा आणू नका. तो गेला की काम गेलं. नवा घ्यायलाच हवा होता. दादरच्या एका दुकानात तिने एक बघून ठेवला होता. दुकानदार एकतीस मेपर्यंत बाजूला ठेवतो म्हणाला होता. त्याचे पैसे आनंदीबाईंच्या कामातून यायचे होते. निम्मे आधी मिळाले, ते घरात गेले. उरलेले निम्मे मे अखेरीला, पहिले दोनशे मसाले नीट पोचले की.

आनंदीबाईंचं लालबागला मसाल्याचं दुकान आहे. उन्हाळ्यात आमच्या भागातल्या बायका तिथे वर्षाचा मसाला करून घेतात. मिरची घ्यायची, देठ काढायचे, वाळवायची, धणे-खसखस-दगडफूल भाजायचं आणि सगळं डंकावर कुटून घ्यायचं. डंक म्हणजे लोखंडी मुसळं वरखाली आपटणारं यंत्र. प्रत्येक घराचं माप वेगळं. कुठे बेडगी जास्त, कुठे संकेश्वरी. एकाला तिरफळाशिवाय जेवण जात नाही, दुसऱ्याला त्याचा वास नको. ही मापं आनंदीबाईंच्या चार जाड वह्यांत होती, चाळीस वर्षांची. वर आडनाव, चाळ आणि खोली, खाली माप. बाई काउंटरपुढे उभी राहिली की आनंदीबाई तिचं तोंड बघून पान काढत.

यंदा त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. काउंटरवर भाचा बसला, पुष्कर. त्याला सगळी तोंडं ठाऊक नव्हती. अर्धी गिऱ्हाइकं आता विरार-कल्याणला राहायला गेलेली, ती फोनवरून मागणार. म्हणून त्याने वह्या वेबसाइटवर घ्यायचं ठरवलं आणि काम अक्षताला दिलं.

आनंदीबाई वह्या हातातून सोडीनात. अक्षताने गिरगावात जाऊन पानापानाचे फोटो काढले. बाराशे पानं. मग फोटो बघून एकेक ओळ टाइप केली. जानेवारी, फेब्रुवारी आणि अर्धा मार्च त्यातच गेला. पाडव्याला साइट सुरू झाली. तेव्हा मला वाटलं, झालं काम. काम तिथून सुरू झालं.

पुष्कर दिवसाला दहा फोटो पाठवी, प्रत्येकावर लाल गोल काढलेला. मिरची अजून लाल कर. नाव मोठं कर. तिने नाव मोठं केलं, तर म्हणाला, आता मिरची लहान दिसते. पैसे घ्यायची सोय बसवताना सहा आकडे आनंदीबाईंच्या फोनवर यायचे आणि दोन मिनिटांत बाद व्हायचे. नेमकं त्याच वेळी त्यांच्या गुडघ्याचा व्यायाम घ्यायला आलेली बाई पाय धरून बसलेली असे. आनंदीबाई आकडे हळूहळू सांगत, चवथ्या आकड्यापाशी चष्मा पुसत. पुन्हा नवे आकडे. एका सकाळी असं पाच वेळा झालं. पुष्करच्या प्रत्येक फोनचा शेवट ठरलेला: तेवढं एक करून दे. तेवढं एक कधी संपलं नाही.

ती गॅलरीत खुर्ची टाकून बसे, कारण आत फोन नीट लागत नाही. बसली की तिचा उजवा पाय हलत राही. गॅलरीची फळी जुनी. तिचा पाय हलला की माझी खुर्ची हलते. मी एकदा सांगितलं, पाय हलवू नको. ती म्हणाली, “पाय थांबला की डोकं थांबतं, काका.”

एक दिवस मी मोजलं. सकाळी आठ ते दुपारी एक, ती सत्तावीस वेळा उठली. अकरा वेळा फोनसाठी, सहा वेळा फरशी भिजवायला, बाकी दारावर कोण ना कोण आलं म्हणून. साच्यावरून माणूस सत्तावीस वेळा उठला असता तर हातभर कापड झालं नसतं. तिचं काम होत होतं. कसं, ते मला कळत नसे.

माझी बायको कौसल्या चार वर्षांपूर्वी गेली. तिच्या मसाल्याचं माप आनंदीबाईंच्या वहीत आहे. मला ते पाठ नाही. मी ते फक्त खाल्लेलं आहे. मेच्या सुरुवातीला अक्षताने माझी मागणी साइटवर टाकली. आडनाव तांबे, चाळ, खोली एकतीस. खाली ‘मागच्या वर्षीसारखाच’ असं बटण होतं, ते तिने मला दाबायला लावलं. बारा तारखेला पिशवी आली.

मी आमटी केली. चव निराळी लागली. जीभ म्हातारी झाली असेल, असं समजून दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी कालवणाची वाटी पार्टिशनपलीकडे दिली.

आमचा एकतीस नंबर म्हणजे एकच खोली, मधे प्लायवूड. पलीकडे माझी वहिनी राधाबाई राहते. भाऊ कोंडीराम आता नाही. एक्याण्णव साली आम्ही भावांनी चुली वेगळ्या केल्या. भांडण जमिनीचं नव्हतं, तिखटाचं होतं. वहिनीचं तिखट कौसल्येला सोसत नसे. चाळीत अशा खोल्या पुष्कळ आहेत. दार एक, नंबर एक, चुली दोन.

वहिनीने बोट बुडवून चाखलं.

“भावोजी, हा तर माझा मसाला. तुमच्याकडं कसा आला?”

मी म्हटलं, माझ्याच पिशवीतला आहे.

“कौसल्येनं पस्तीस वर्षं नाकं मुरडली,” वहिनी म्हणाली, “आणि शेवटी तुमच्या ताटात माझाच आला.”

मी वाटी घेऊन बाहेर गेलो. अक्षता पुष्करशी लाल रंगावर बोलत होती. मी वाटी लॅपटॉपशेजारी ठेवली. तिने हाताने खूण केली, मीटिंग चालू आहे. मी म्हटलं, आधी चाख. तिने चाखलं. मी काय झालं ते दोन वाक्यांत सांगितलं. तिचा पाय थांबला.

तिने पुष्करला नंतर फोन करते म्हणून सांगितलं आणि यादी उघडली. तांबे, खोली एकतीस, एकदाच होतं. खाली वहिनीचं माप. कौसल्येचं कुठेच नव्हतं.

मग तिला आठवलं. वहीच्या काही पानांचे फोटो चुकून दोनदा निघाले होते, त्यामुळे तीच घरं यादीत दोनदा आली होती. पाडव्याच्या आदल्या दिवशी लॅपटॉप तापून कधीही बंद पडेल असा झाला होता आणि पुष्कर फोनवर होता. तिने लॅपटॉपला एक आज्ञा दिली: आडनाव, चाळ आणि खोली तीच असेल तर पहिली ओळ ठेव, पुढची काढ. चौसष्ट ओळी गेल्या. तिने त्या बघितल्या नाहीत.

“पार्टिशन मी लहानपणापासून बघतेय,” ती म्हणाली. “आमच्या घरातसुद्धा सख्ख्या काकांची चूल पडद्यामागे होती.”

तिला माहीत होतं आणि तरी झालं होतं.

संध्याकाळपर्यंत ती फोटोंशी एकेक ओळ ताडून बघत बसली. चौसष्टांतल्या एक्केचाळीस ओळी खरोखर दोनदा आलेल्या होत्या. तेवीस दुसऱ्या चुली होत्या. त्यातल्या सोळा घरांनी अजून मागणी केलेली नव्हती, त्या तिने लगेच परत घातल्या. सात घरांचा मसाला कुटून झाला होता. वर्षाचा मसाला. सातही जणांच्या डब्यांत दुसऱ्या बाईचा.

पुष्करला तिने सगळं सांगितलं. तो वाईट माणूस नाही. त्याच्यापुढे दिवसाला शंभर पिशव्या होत्या. तो म्हणाला, भिवाकाकांना मी गुपचूप बदलून देतो. बाकी सहा घरांना कळलेलंसुद्धा नाही. यादी नीट झाली ना? मग गप्प बस, तीस तारखेला पैसे घे. आणि आत्याला सांगू नको, तिचं बीपी वाढतं. फोन ठेवायच्या आधी त्याने तेवढं एक सांगितलंच, पैसे भरायचं बटण जरा खाली घे.

पुढचे दोन दिवस ती बसलीच नाही. आमची गॅलरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बावीस पावलं आहे. ती तेवढी चालायची आणि वळायची. फोन कानाला, नाहीतर हातात. दुसऱ्या दिवशी दुपारी लॅपटॉप तिसऱ्यांदा बंद पडला. तिने तो पालथा घालून टेबलफॅनखाली धरला. अर्ध्या तासाने चालू झाला. तेवढ्यात दादरच्या दुकानातून फोन आला, दुसरं गिऱ्हाईक विचारतंय, नक्की घेणार ना? घेणार, ती म्हणाली.

संध्याकाळी ती माझ्या दाराशी उभी राहिली.

“काका, गिरणीत कापड खराब निघालं तर काय करायचे?”

मी सांगितलं. घडी खात्यात कापड तपासत. खराब निघालं की साचेवाल्याच्या पगारातून कापत. कधी कधी ते कापडच त्याच्या हातात देत आणि घेऊन जा म्हणत.

“बाबांचं कधी कापलं?”

“दोनदा. एकदा चूक त्याची नव्हती, सूत कच्चं होतं.”

“मग?”

“तरी कापलं.”

“आणि दुसऱ्यांदा?”

“दुसऱ्यांदा चूक त्याचीच होती. ते कापड घरी आणलं. सीमाने त्याची तुझी दुपटी शिवली.”

ती हसली नाही. मग म्हणाली, उद्या तुमचा मसाला थोडा पुडीत बांधून घ्या, आपल्याला गिरगावला जायचंय.

दुसऱ्या दिवशी पाच-दहाचा निरोप आला तेव्हा तिने उत्तर दिलं नाही. आठच्या बसने आम्ही गेलो. आनंदीबाई पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या, वह्या हाताशी. अक्षताने उभ्यानेच सगळं सांगितलं. पुष्कर काय म्हणाला ते सांगितलं नाही. सांगताना तिचा फोन तीनदा वाजला. तिसऱ्यांदा तिने तो टेबलावर पालथा ठेवला.

आनंदीबाईंनी माझ्या पुडीतली चिमूट तळहातावर घेतली आणि जिभेवर ठेवली.

“राधाबाई,” त्या म्हणाल्या. “एकतीस नंबर.”

मग तिसरी वही ओढली, मधलं पान काढलं आणि माझ्यापुढे धरलं. मला अक्षर लागलं नाही, चष्मा घरी होता. पानाच्या कोपऱ्यावर हळदीचा डाग होता.

“हे तुमच्या घरचं,” त्या म्हणाल्या. मग अक्षताकडे वळल्या. “सातातल्या किती जणी बोलल्या?”

“कोणीच नाही. काका सोडून.”

“मग तू कशाला आलीस?”

“चुकलं म्हणून.”

आनंदीबाईंनी वही मिटली. म्हणाल्या, “भाजायची आणि कुटायची मजुरी दुकानाची. वहीत मी खोली लिहिली, चूल लिहिली नाही, ती माझी चूक. मिरची-मसाला तुझा.”

“चालेल,” अक्षता म्हणाली.

उरलेले पैसे त्यांनी तिथल्या तिथे तिच्या खात्यावर पाठवले. सहा आकडे या वेळी पहिल्या फेरीतच बरोबर वाचले. म्हणाल्या, मिरची आजच घे, आभाळ भरायला लागलंय, ऊन चार दिवसांचं आहे.

बाकीच्या सहाही घरी ती स्वतः गेली. फोन केला नाही. भायखळ्याच्या एक बाई म्हणाल्या, तरीच आमचे हे जेवताना काही बोलत नव्हते. परळच्या एकीने तिला दारातच तासभर उभं केलं. एका घरच्या सासूबाईंनी तर उलटंच सांगितलं. त्यांना जावेचाच मसाला आवडला होता, आता आमचं माप तेच करून टाका, फक्त जावेला सांगू नका. म्हणजे माझं धरून राहिली सहा घरं.

मिरची आमच्या चाळीच्या गच्चीवर पसरली. देठ काढायला अक्षता, पाळीवरून आलेली सीमा, वहिनी आणि मी. अक्षताने नाकाला ओढणी बांधली होती. फोन मांडीवर. वाजला की ती कोपराने दाबायची आणि वाकून बोलायची. पुष्करचा लाल गोल आला तेव्हा तिने त्याच हाताने पडद्यावर बोट फिरवलं, मग तेच बोट डोळ्याला लागलं. एक तास फुकट गेला. मी तिच्या हातांना तेल चोळायला लावलं.

तिचा ढीग मी तपासला. देठ राहिले होते. मी तो परत तिच्यापुढे ओतला. ती पुन्हा बसली. दुसऱ्या वेळेला एकही देठ नव्हता. बसून केलेलं काम मला अजून कळत नाही. पुन्हा केलेलं कळतं.

अठ्ठावीसला मसाला कुटून झाला, एकोणतीसला सहा घरी पोचला. चुकलेला मसाला तिने कुणाकडून परत मागितला नाही. माझा मी वहिनीला दिला. ती म्हणाली, आता दोन वर्षं बघायला नको.

तीस तारखेला अक्षताने दादरच्या दुकानात फोन करून सांगितलं, त्या दुसऱ्या गिऱ्हाइकाला देऊन टाका. बोलणं अर्ध्या मिनिटाचं झालं. साइटवर आता खोलीच्या नंबरानंतर आणखी एक रकाना आहे: चूल कोणाची? तो भरल्याशिवाय मागणी पुढे जात नाही. पुष्करला तो आवडत नाही, जागा खातो म्हणतो. आनंदीबाईंनी तो काढू दिला नाही. पहाटे पाच-दहाला त्यांचे निरोप येतातच. गॅलरीची फळी पुन्हा हलायला लागली आहे. लॅपटॉप पोह्यांच्या डब्याला टेकून उभा असतो.

कौसल्येची आमटी मी एकोणतीसला रात्री केली. एक वाटी बत्तीसमध्ये दिली.

जानेवारीपासून केलेल्या कामाचे उरलेले निम्मे पैसे असे गेले. थोडे राहिले त्यातून लॅपटॉपच्या आतला पंखा बदलला. बाकी पैशांची चौदा किलो बेडगी, सहा किलो संकेश्वरी, तीन किलो काश्मिरी, सात किलो धणे, खसखस आणि दगडफूल आलं. आणि पन्नास ग्रॅम तिरफळं. ती एकाच घराला लागतात, एकतीस नंबरात, अलीकडच्या चुलीला.